पंचवटीतल्या काकांनी माझं विमान पुन्हा उभं केलं

तपोवनाजवळच्या मैदानात वारा फिरला, तारा सैल पडल्या आणि माझं कंट्रोल-लाइन विमान, म्हणजे हातातल्या दोन तारांनी आपल्याभोवती गोल उडवायचं छोटं मॉडेल, जमिनीवर आपटलं. डावा, म्हणजे तारा बाहेर येतात तोच पंख मोडला. पंचवटीतल्या या छोट्या दुकानातल्या काकांनी सगळ्यात आधी आतला बेलक्रँक, म्हणजे तारांची ओढ एलिव्हेटरपर्यंत (शेपटीच्या वर-खाली हलणाऱ्या पट्टीपर्यंत) पोचवणारा तुकडा, हलवून पाहिला. "हा अडकला तर एलिव्हेटर हलणारच नाही, मग पंख जोडून उपयोग काय?" मग बाल्साच्या (हलक्या लाकडाच्या) कडा तिरप्या कापून सांधल्या, म्हणजे गोंदाला जागा जास्त मिळते. इंधनातलं एरंडेल लाकडात मुरलं होतं, ते स्पिरिटनं दोनदा पुसलं. आता सांधा नखालाही लागत नाही! आठवडा सांगून अठरा दिवस लावले, ते मला खटकलं. पण १८ मीटरच्या दोन्ही तारा तंतोतंत सारख्या करून दिल्या. पुढचं विमानही त्यांच्याकडेच नेणार.