झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं नाही : स्लीप आणि हायबरनेट, आठ महिन्यांच्या वापरानंतर

तुर्भ्याला उतरले तेव्हा पाठीवरची बॅग चांगलीच तापली होती. जुलैचे दिवस होते, डब्यात ओल्या छत्र्या आणि घुसमट, त्यामुळे ठाण्यापासून मला वाटत होतं की गर्दीमुळेच उकडतंय. ऑफिसात बॅग उघडली आणि बघते तर मिटलेल्या लॅपटॉपचा पंखा जोरात फिरत होता. सकाळी साडेसातला घरी झाकण मिटलं तेव्हा बॅटरी ९१ टक्के होती, टेबलावर ठेवला तेव्हा ३८. त्या दिवशी २० तारीख होती. जीएसटीचं काम करणाऱ्याला २० तारीख, म्हणजे महिन्याचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, काय असते ते सांगायला नको. त्यात चार्जर घरी राहिलेला.

मी अकाउंट्समध्ये आहे. एका वेळी सात-आठ एक्सेल शीट, दोन-तीन पीडीएफ, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझरचे वीसएक टॅब उघडे असतात. हे सगळं रोज रात्री बंद करून सकाळी पुन्हा मांडायला पाच-सहा मिनिटं जातात, आणि कुठल्या ओळीवर होतो हे आठवायला आणखी थोडी. म्हणून वर्षानुवर्षं माझी सवय एकच : काम झालं की झाकण मिटायचं. आधीच्या लॅपटॉपवर सहा वर्षं तसंच केलं, कधी त्रास झाला नाही. नवा लॅपटॉप १६ जीबी रॅम (चालू काम धरून ठेवणारी तात्पुरती मेमरी), ५१२ जीबी एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) आणि विंडोज ११ चा. कंपनीचं नाव देत नाही, कारण हा त्या एका कंपनीचा प्रश्नच नाही.

प्रश्न काय आहे ते एका कमांडने कळलं. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि इंग्रजी अक्षरांत 'पॉवरसीएफजी', मग स्पेस, मग 'स्लॅश ए' टाइप करायचं. आपल्या मशीनला झोपेचे कोणते प्रकार येतात आणि कोणते येत नाहीत, याची यादी समोर येते. माझ्याकडे 'एस झिरो लो पॉवर आयडल' होतं आणि 'एस थ्री' खालच्या यादीत, म्हणजे फर्मवेअरलाच, मशीनमध्ये मुळात बसवलेल्या सॉफ्टवेअरलाच, ते मान्य नाही.

एस थ्री ही जुनी स्लीप. त्यात फक्त रॅम जिवंत राहण्यापुरती वीज मिळते, बाकी मशीन गप्प. एस झिरोला मायक्रोसॉफ्ट 'मॉडर्न स्टँडबाय' म्हणतं. त्यात स्क्रीन बंद होते, पण प्रोसेसरची झोप सावध असते, तान्ह्या बाळाच्या आईसारखी. नेटवर्क, मेल, अपडेट असं काही आलं की तो उठतो, काम करतो, पुन्हा झोपतो. मोबाइल जसा झटकन जागा होतो तसा लॅपटॉप व्हावा, हा त्यामागचा हेतू. टेबलावर हे छान चालतं. पण बंद बॅगेत, जिथे गरम हवा बाहेर पडायला वाटच नाही, तिथे असं एखादं काम अडकलं की मशीन झोपायलाच परत जात नाही. 'पॉवरसीएफजी स्लॅश स्लीपस्टडी' ही कमांड दिली की गेल्या काही दिवसांतल्या प्रत्येक झोपेचा अहवाल फाइल म्हणून मिळतो : किती वाजता झोपला, किती बॅटरी गेली, कोणी जागं ठेवलं. माझ्या अहवालात त्या सकाळच्या नोंदीवर लाल पट्टी होती.

हायबरनेट यात कुठे बसतं? त्यात रॅममधलं सगळं सी ड्राइव्हवरच्या 'हायबरफिल डॉट सिस' या लपलेल्या फाइलमध्ये लिहिलं जातं आणि मग मशीनची वीज खरोखर तुटते. चालू केलं की ती फाइल वाचून सगळं होतं तिथे परत येतं. एक्सेलमधला कर्सरसुद्धा त्याच खान्यात. ही सोय विंडोजमध्ये जुनीच आहे, पण आता पॉवरच्या मेनूत ती बहुतेक वेळा दिसतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे पॉवर बटणांचा पर्याय, तिथे 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर क्लिक केलं की खाली हायबरनेटचा टिक लागतो. तो टिकच दिसत नसेल तर 'पॉवरसीएफजी स्लॅश एच ऑन' द्यावं लागतं.

पहिल्यांदा मी बॅटरीवर झाकण मिटलं तर हायबरनेट आणि चार्जरवर मिटलं तर स्लीप असं ठेवलं होतं. घरी टेबलावर असताना लवकर जागा व्हावा म्हणून. दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा गरम बॅग. झालं असं की चार्जर लावलेला असतानाच झाकण मिटलं, म्हणजे मशीन स्लीपमध्ये गेलं, आणि मग मी चार्जर काढून ते बॅगेत टाकलं. झाकण एकदाच मिटतं, विंडोज त्या क्षणीचं सेटिंग बघतं. आपण सगळेच सकाळच्या घाईत याच क्रमाने आवरतो. तेव्हापासून दोन्हीकडे झाकणाला हायबरनेट, आणि पॉवर बटणाला स्लीप. चहाला उठायचं असेल तर बटण दाबते, झाकण उघडंच राहतं. बॅगेत जायचं असेल तर झाकण. शिवाय बॅटरीवर स्लीपमध्ये तासभर गेला तर आपोआप हायबरनेट व्हावं, अशी मिनिटांची मर्यादा घातली आहे. मीटिंग लांबली की ती कामी येते.

एक गोष्ट मात्र शिकावी लागली. झाकण मिटल्यावर लगेच बॅगेत कोंबायचं नाही. चार्जिंगच्या खाचेजवळ छोटा पांढरा दिवा आहे, तो माझ्याकडे सहा-आठ सेकंद चालू राहतो, कारण तेवढ्यात फाइल लिहिली जात असते. दिवा विझला की मगच बॅग. आता हात आपोआप थांबतो.

आठ महिन्यांचा हिशोब माझ्या मशीनपुरता सांगते. स्लीपमधून दोन सेकंदांत जागा होतो, हायबरनेटमधून चौदा-पंधरा. स्लीपमध्ये रात्रभरात ९ ते १४ टक्के बॅटरी उतरायची, हायबरनेटमध्ये जास्तीत जास्त १. बॅग त्यानंतर एकदाही तापली नाही. ते बारा-तेरा सेकंद मला खटकत नाहीत, तेवढ्या वेळात डबा फ्रीजमध्ये ठेवून होतो.

ऑफिसातल्या एकाने काळजीने सांगितलं, "ताई, रोज हायबरनेट कराल तर एसएसडी लवकर खराब होईल." म्हणून कागदावर मांडून बघितलं. फाइलचा आकार साधारण रॅमच्या ४० टक्के धरतात, म्हणजे माझ्याकडे सुमारे ६.४ जीबी. दिवसातून दोनदा पूर्ण लिहिली असं धरलं तरी १३ जीबी, वर्षाचे ३०० दिवस म्हणजे ४ टीबीच्या आत. माझ्या एसएसडीची लेखनमर्यादा, म्हणजे तिच्यावर एकूण किती लिहिता येईल ती, ३०० टीबीची आहे. पंचाहत्तरहून जास्त वर्षं लागतील. ही भीती जुन्या, छोट्या एसएसडींच्या काळातली आहे, ती सोडून द्यायला हरकत नाही. जागेचं म्हणाल तर १२८ जीबीच्या ड्राइव्हवर सहा जीबी जाणं नक्कीच जड वाटेल, ते मी समजू शकते.

त्रास अजिबात नाही असं नाही. डिजिटल सहीचा डीएससी टोकन यूएसबीत तसाच ठेवून हायबरनेट केलं की परत आल्यावर तो ओळखला जात नाही. काढून पुन्हा लावावा लागतो. व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी असलेली सुरक्षित जोडणी, तुटतं, पुन्हा लॉगिन करावं लागतं. आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावलेली असताना हायबरनेट करून ती मधेच काढून नेऊ नये, अर्धवट लिहिलेला डेटा बिघडू शकतो. क्लायंटच्या बॅकअपची डिस्क असेल तर हे फारच जपायला हवं. ग्राहकांचे पॅन आणि बँकेचे तपशील मशीनमध्ये असल्याने डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे ना, हेही मी बघून घेतलं. हायबरनेटची फाइल म्हणजे आपल्या रॅमचा फोटोच, ती उघड्या ड्राइव्हवर पडून राहू नये.

घरी बाबांचा डेस्कटॉप आहे, त्याची कथा वेगळी. एका सकाळी बाबा म्हणाले, "अगं, रात्री दोनला पाणी प्यायला उठलो तर कॉम्प्युटर चालू. मी झोपताना स्लीप करून ठेवला होता." आठवड्यात तिसऱ्यांदा झालं होतं ते. 'पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक' हे शेवटचं उठवणारं कोण ते सांगतं आणि 'पॉवरसीएफजी स्लॅश वेकटायमर्स' हे पुढचा गजर कोणी लावलाय ते. विंडोजची आपोआप होणारी देखभाल मुळातच रात्री दोनला ठरलेली असते, आणि गजराला परवानगी असेल तर ती मशीनला उठवते. पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये स्लीपखाली 'अलाउ वेक टायमर्स' बंद केलं. तरी दोन रात्रींनी पुन्हा उठला. या वेळी नेटवर्क कार्ड निघालं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर' चा टिक काढला, माउसचाही काढला. कीबोर्डचा ठेवला, बाबांना कळ दाबून उठवायची सवय आहे. तेव्हापासून शांत झोपतो.

त्या डेस्कटॉपला जुनी एस थ्री आहे, त्यामुळे तिथे हायब्रिड स्लीप चालते. रॅमही जिवंत आणि डिस्कवरही प्रत. लाइट गेली तर डिस्कवरून परत येतं. पावसाळ्यात एका दुपारी लाइट गेली आणि बाबांचं सोसायटीचं अर्धवट लिहिलेलं इतिवृत्त जसंच्या तसं परत आलं. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून एवढ्या खटपटीचं चीज झालं असं वाटलं. डेस्कटॉप असेल आणि यूपीएस नसेल तर ही सोय चालू ठेवाच.

आता फास्ट स्टार्टअपबद्दल, कारण यात बरेच जण फसतात. ही सोय चालू असेल तर विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद नाही. तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा हायबरनेट होतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू, तिथे 'अप टाइम' बघा. बाबा रोज रात्री शट डाउन करायला लागले होते, तरी तिथे १९ दिवस दिसत होते. प्रिंटर अडकणं, ब्लूटूथ न सापडणं असले किरकोळ आजार त्यातून साचतात. 'रीस्टार्ट' मात्र खरोखर नव्याने सुरू करतं. शिफ्ट दाबून शट डाउन केलं तरी पूर्ण बंद होतं. मी दोन्ही मशीनवर फास्ट स्टार्टअप काढून टाकलं आहे आणि शनिवारी दुपारी रीस्टार्ट करते. ज्यांच्याकडे विंडोजशेजारी लिनक्स आहे त्यांनी तर ते बंदच ठेवावं, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

गेल्या महिन्यात मोठं अपडेट आलं आणि लॅपटॉपवर फास्ट स्टार्टअपचा टिक पुन्हा लागलेला सापडला. झाकणाचं सेटिंग शाबूत होतं. तरी आता अपडेट झालं की त्याच संध्याकाळी दोन्ही बघून घेते, आणि दुसऱ्या दिवशी ठाण्याला गाडी पकडण्याआधी बॅगेवर एकदा हात ठेवून बघते.