बी पेशी वेगळ्या करायचा चुंबकी किट: सोलापूरच्या उन्हाळ्यासकट

निकाल आधीच सांगते, म्हणजे ज्यांना फक्त खरेदीचं ठरवायचंय त्यांना पुढचं पुराण वाचावं लागणार नाही. बी पेशींच्या (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) आत चालणारे संदेश मोजायचे असतील तर ‘निगेटिव्ह सिलेक्शन’चाच, म्हणजे बी पेशींना न शिवता बाकीच्या पेशी काढून टाकणारा किट घ्या, महाग पडला तरी. नुसता डीएनए काढायचाय किंवा एमएस्सीच्या मुलांना प्रात्यक्षिक दाखवायचंय, तर यावर पैसे घालू नका.

आमचं काम कांद्याशी जोडलेलं आहे. सोलापुरात राहून दुसरं काय होणार! हंगामात बाजार समितीबाहेर कांद्याच्या गाड्यांची रांग लागते आणि टरफलांचे ढीग पडतात. त्या टरफलात क्वेर्सेटिन भरपूर असतं आणि ते एकाच नाही, अनेक कायनेज विकरांना (प्रथिनांवर फॉस्फेट चढवणाऱ्या) अडवतं. बी पेशीच्या रिसेप्टरमागच्या (बाहेरचा संदेश पकडणाऱ्या पृष्ठभागावरच्या प्रथिनामागच्या) साखळीत ते नेमकं कुठे आडवं येतं, हे माझी एक विद्यार्थिनी तपासते आहे.

ही साखळी भलती चपळ असते. रिसेप्टरला बाहेरून प्रतिजन चिकटलं की लिन हे कायनेज रिसेप्टरच्याच आयजी-अल्फा आणि आयजी-बीटा या भागांच्या शेपट्यांवर फॉस्फेट चढवतं. तिथे सिक हे दुसरं कायनेज येऊन बसतं, मागोमाग बीएलएनके, बीटीके, पीएलसी-गॅमा-२ ही प्रथिनं, आणि पेशीत कॅल्शियम उसळतं. सगळा खेळ मिनिटांचा. यातल्या बीटीकेमधला ‘बी’ म्हणजे ब्रूटन, अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ. रक्तात गॅमा ग्लोब्युलिनच नसलेल्या मुलाची नोंद त्यांनी १९५२ मध्ये केली, त्यामागचं जनुक १९९३ मध्ये हाती लागलं, आणि याच बीटीकेला जखडणाऱ्या इब्रुटिनिब या कर्करोगावरच्या औषधाला २०१३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. असं नाजूक प्रकरण मोजायचं, तर प्रयोग सुरू होण्याआधी पेशीला कुणी डिवचलेलं नसावं. किटची खरी परीक्षा इथेच होते.

बाजारात स्वस्त पर्याय आहे तो सीडी१९ या बी पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला प्रतिपिंड लावून बी पेशी थेट चुंबकाने ओढून घ्यायचा. झटपट होतं, पेशीही शुद्ध मिळतात. पण सीडी१९ हा रिसेप्टरचाच जोडीदार आहे. त्याच्यामुळे पेशी कमी चिथावणीत जागी होते. त्यालाच धरून ओढायचं आणि मग ‘पेशी निवांत होती’ असं शोधनिबंधात लिहायचं, हे मला पटत नाही. आमच्या ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडांनी ओळखायची चाचणी) अशा पेशींच्या, काहीही न घातलेल्या रांगेतसुद्धा फॉस्फो-सिकची, म्हणजे फॉस्फेट चढलेल्या सिकची फिकट पट्टी दिसायची.

निगेटिव्ह किटचं काम तांदूळ निवडण्यासारखं आहे: खडे उचलायचे, तांदळाला हात लावायचा नाही. सीडी२, सीडी१४, सीडी१६, सीडी३६, सीडी४३ आणि सीडी२३५ए या बाकीच्या पेशींवरच्या प्रथिनांना चिकटणारी, बायोटिन (एक जीवनसत्त्व) जोडलेली प्रतिपिंडं किटमध्ये असतात. त्यांनी टी पेशी, मोनोसाइट, एनके पेशी आणि उरल्यासुरल्या तांबड्या पेशी पकडायच्या. बायोटिनला चिकटणारे चुंबकी मणी त्यांना कॉलममध्ये अडवून ठेवतात, आणि जे खाली गळून येतं त्या आपल्या बी पेशी. मिळालेल्या थोड्या पेशी सीडी१९च्या प्रतिपिंडाने तपासून बघितल्या तेव्हा शुद्धता उत्तम निघाली, पण मला त्याहून आनंद झाला तो रिकाम्या रांगेचा. काही न घातलेल्या पेशींत पट्टी नाही, आणि आयजीएमविरोधी एफ-एबी-टू (रिसेप्टरला चेतवणारा, शेपटी नसलेला प्रतिपिंडाचा तुकडा) घातल्यावर दोन मिनिटांत ठसठशीत. (अख्खं प्रतिपिंड वापरू नका. त्याची एफसी शेपटी बी पेशीवरच्याच एफसी-गॅमा रिसेप्टरला जाऊन बसते आणि संदेश उलटा दाबला जातो.)

आता तक्रारी. सीडी४३ काढून टाकल्यामुळे प्लाझ्मा पेशी आणि चेतवलेल्या बी पेशीही कचऱ्यात जातात. ज्यांना त्याच हव्यात त्यांच्या हा किट उपयोगाचा नाही, आणि हे पुस्तिकेत बारीक अक्षरात आहे. दुसरं, सोबतच्या बफरमध्ये ईडीटीए असतं. ते कॅल्शियम धरून बसतं. फ्लुओ-४ हा चमकणारा रंग घालून कॅल्शियम मोजणाऱ्यांनी पेशी दोनदा धुवून कॅल्शियम असलेल्या द्रावणात घ्याव्यात, नाहीतर आलेख सपाट येईल आणि दोष औषधाला जाईल. बफर संपला म्हणून हाताशी असलेलं आरपीएमआय (पेशी वाढवायचं माध्यम) ओतायचा मोह होतो. त्यात बायोटिन असतं, ते मण्यांवरच्या जागा अडवतं. त्यापेक्षा पीबीएसमध्ये (फॉस्फेटयुक्त मिठाच्या द्रावणात) अर्धा टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) आणि २ मिलिमोलर ईडीटीए घालून बफर घरीच करा, उत्तम चालतो.

पेशी किती मिळतात? दहा मिलिलिटर रक्तातून फायकॉलवर (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रावणावर) एक-दोन कोटी पांढऱ्या पेशी येतात, त्यातून बी पेशी साधारण दहा लाख. म्हणजे ब्लॉटची एखादी रांग, जेमतेम. वेळेनुसार पाच रांगा हव्या असतील तर रक्तपेढीकडून बफी कोट (रक्तातला पांढऱ्या पेशींचा थर) मिळवा आणि त्यासाठी संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आधी काढून ठेवा. फायकॉल १८ ते २० अंशांना वापरायचं असं सगळीकडे छापलेलं असतं. ‘खोलीचं तापमान’ लिहिणाऱ्यांनी मे महिन्यातली आमची खोली पाहिलेली नाही. गरम द्रावणाची घनता उतरते, थर बिघडतो. एसी तासभर आधी लावा, सेंट्रिफ्यूजही त्याच खोलीत ठेवा, आणि त्याचा ब्रेक बंद करायला विसरू नका.

खरा वैताग मालापेक्षा पोचवण्याचा. किट दोन ते आठ अंशांत यायला हवा. आमचा पुरवठादार पुण्यातला, अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटर, तरी खोकं शनिवारी संध्याकाळी आलं. आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी हात लावून सांगितलं, “मॅडम, डबा गरम लागतोय की ओ.” जेल पॅकचं पाणी झालेलं. मी फोन केला तर पलीकडून, “अहो मॅडम, पॅक तर टाकले होते ना!” बदली माल पाठवला, तो कोरड्या बर्फात. कुपीवर ‘गोठवू नये’ असं स्पष्ट छापलेलं असताना! गोठलेले मणी वितळल्यावर गुठळ्या करतात, त्यांचा भरवसा नाही. तिसरं खोकं मात्र नीट आलं, कारण तोवर मी ‘सोमवारी सकाळी निघेल, मंगळवारी पोचेल, थर्मामीटरची पट्टी आत असेल’ असं ऑर्डरवरच लिहून घ्यायला शिकले होते. पुरवठादाराला एक तारा, किटला साडेचार.

फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी तपासणारं यंत्र) आमच्याकडे नाही, त्यासाठी पुणे गाठावं लागतं. पेशी फॉर्मल्डिहाइडमध्ये पक्क्या करून थंड डब्यात नेल्या तर प्रवास सोसतात. मिथेनॉलची (पेशींना छिद्रं पाडायची) पायरी पुण्यात पोचल्यावरच करा. ते ज्वलनशील आहे, ते घेऊन हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये चढायचं नाही. ब्लॉट करणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की सिक ७२ आणि बीटीके ७६ किलोडाल्टनच्या आसपास, त्यामुळे एकाच ब्लॉटवर दोन्हींची प्रतिपिंडं एकदम लावली तर कोण कुठलं ते कळत नाही.

किट शंभर कोटी पेशींसाठी असतो आणि आम्ही एका वेळी दोन-तीन कोटींच्या वर जात नाही, त्यामुळे एकट्याने घेतला तर मुदत संपेपर्यंत निम्मा उरतो. दोन-तीन विभागांनी मिळून घ्यावा. आमच्याकडचा थोडा शिल्लक आहे. गावातल्या कुणाला एखादी चाचणी करून बघायची असेल तर विभागात या. बर्फाचा डबा आणि परवानगीचं पत्र तुमचं तुम्ही आणा.