गोव्यात मका लावताना: ओळींचे आणि झाडांचे अंतर किती ठेवावे?

गोव्यात मका हे भातासारखे मुख्य पीक नाही. पावसाळ्यात मोरडाच्या (उंचवट्यावरच्या) जमिनीत भेंडी, काकडी, दोडकी यांच्या जोडीने तो लावला जातो, आणि पाऊस सरल्यावर पाण्याची सोय असेल तर भात कापलेल्या शेतात वायंगणी हंगामात. त्यामुळे अंतराविषयीचे बहुतेक सल्ले बियाण्याच्या पाकिटावरून किंवा घाटमाथ्यावरच्या शेतकऱ्यांकडून येतात. कोणी 60 बाय 20 सें.मी. (दोन ओळींत 60, दोन झाडांत 20) सांगतो, कोणी 75 बाय 20, कोणी 60 बाय 25, तर बेबीकॉर्न घेणारा 45 बाय 20. हे सर्व आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र पेडणे, डिचोली किंवा सत्तरीतल्या हजार-दोन हजार मीटरांच्या तुकड्यासाठी त्यांतला कोणता घ्यावा, हे ठरवण्यासाठी त्यांच्यामागचा हिशेब समजून घ्यावा लागतो.

हा हिशेब हजार चौरस मीटरांवर मांडू, कारण आपल्याकडे जमीन मीटरांतच बोलली जाते. ओळींत 75 सें.मी. आणि झाडांत 25 सें.मी. ठेवले, तर हजार मीटरांत सुमारे 5,333 झाडे बसतात. 75 बाय 20 ठेवल्यास 6,667, 60 बाय 20 ठेवल्यास 8,333 आणि 45 बाय 20 ठेवल्यास 11,111 झाडे होतात. 60 बाय 25 चा आकडा पुन्हा 6,667 येतो, म्हणजे 75 बाय 20 इतकाच. अंतराच्या प्रश्नात खरे तर दोन प्रश्न दडलेले आहेत, हे या शेवटच्या आकड्यावरून दिसते. एकूण झाडे किती असावीत हा पहिला प्रश्न, आणि तेवढी झाडे शेतात कशी मांडावीत हा दुसरा. उत्पन्नावर पहिल्याचा परिणाम मोठा असतो, दुसऱ्याचा त्यामानाने लहान. शेतकऱ्यांची चर्चा मात्र बहुधा दुसऱ्यावरच, म्हणजे ओळींच्या रुंदीवर, अडून बसते.

भात लावणाऱ्या हाताला एक गोष्ट मुद्दाम सांगावी लागते. भाताचे रोप विरळ लागले तर ते फुटवे काढून मोकळी जागा भरून घेते. मका तसे करीत नाही. बहुतेक संकरित वाण एका झाडाला एकच भरलेले कणीस देतात, त्यामुळे गेलेले झाड म्हणजे गेलेले कणीस. शेजारच्या झाडाचे कणीस थोडे मोठे होते, पण तूट भरून निघत नाही. उलट बाजूला, झाडे फार दाटली की प्रत्येक कणीस लहान होत जाते, टोकाकडचे दाणे भरत नाहीत, तुरा (शेंड्याचा नर फुलोरा) आणि स्त्रीकेसर (कणसाच्या टोकाचे रेशमी धागे) बाहेर येण्यातले दिवसांचे अंतर वाढते, आणि काही झाडे कणीस न धरता वांझ राहतात. म्हणून झाडे वाढवत गेले की एकूण उत्पन्न आधी वाढते, मग एका पातळीवर थांबते आणि त्यापुढे घसरू लागते. ही पातळी वाण, प्रकाश, पाणी आणि नत्र यांवर ठरते.

एक साधी पडताळणी प्रत्येकाला कागदावर करता येते. 6,667 झाडांवरून 8,333 वर जाणे म्हणजे झाडे पंचवीस टक्क्यांनी वाढवणे. सरासरी कणसाचे वजन वीस टक्क्यांनी घटले, तर ही सगळी वाढ वाया जाते. त्याहून कमी घटले तरच वजनात फायदा उरतो. 5,333 वरून 6,667 वर जातानाही नेमके हेच प्रमाण लागू पडते. आपला माल किलोवर विकला जाणार असेल, तर हा हिशेब एवढ्यावर संपतो. तो नगावर विकला जाणार असेल आणि गिऱ्हाईक लहान कणीस बाजूला सारणार असेल, तर कणसाच्या आकाराला एकूण वजनाइतकेच महत्त्व येते.

ओळींच्या रुंदीबाबत अमेरिकेचा अनुभव उपयोगी आहे. तेथे पूर्वी ओळींमध्ये जवळजवळ एक मीटर अंतर असे, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे ओळींतून घोडा चालला पाहिजे. ट्रॅक्टर आणि तणनाशके आल्यावर हे अंतर सुमारे 76 सें.मी. वर आले. त्याहून अरुंद ओळींचा फायदा मुख्यतः उत्तरेकडच्या, थोड्या दिवसांच्या हंगामात दिसतो. इतरत्र तो थोडा आणि बेभरवशाचा असतो, कारण योग्य संख्येने झाडे असलेले पीक 76 सें.मी. च्या ओळींतही स्त्रीकेसर येण्याच्या सुमाराला बहुतेक सूर्यप्रकाश अडवत असते. 1930 च्या दशकापासून तेथील उत्पन्न वाढले, त्यात दाट लागवड सोसणाऱ्या नव्या संकरित वाणांचा वाटा मोठा आहे. जुना किंवा घरचा वाण दाट लावून तेच उत्पन्न मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

आता गोव्याच्या पावसाळ्याकडे पाहू. येथे वर्षाला सुमारे 3,000 मि.मी. पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जुलैतले ढगाळ आभाळ, जांभ्याच्या आम्लधर्मी जमिनीतून पावसाबरोबर वाहून जाणारे नत्र आणि दिवसेंदिवस न सुकणारी पाने, या तिन्ही गोष्टी दाट पिकाच्या विरुद्ध जातात. प्रकाश कमी असला की दाटीतली झाडे उंच आणि बारीक होतात आणि वाऱ्याच्या झोताने आडवी पडतात. पानांवरचा करपा आणि खोडालगतच्या पानांच्या आवरणावर पट्टे पाडणारा करपा, दोन्ही दमट हवेत बळावतात. त्यांतला दुसरा जमिनीजवळ सुरू होऊन पानाला पान लागले की शेजारच्या झाडावर जातो. मक्याची मुळे साचलेले पाणीही सोसत नाहीत, विशेषतः रोप लहान असताना. म्हणून पावसाळ्यात सरी-वरंबा हवाच, आणि नीट उंचीचा वरंबा 45 सें.मी. च्या ओळीत बसत नाही, तर 75 मध्ये सहज बसतो.

या कारणांमुळे मोरडावर पावसाळी मका घेणाऱ्याने 75 बाय 20 निवडावे, असे माझे मत आहे. 60 बाय 25 मध्येही झाडे तेवढीच आणि मांडणी थोडी अधिक समान. कोरड्या हवेत मी तिकडे झुकलो असतो. पण हजार मीटरांत 60 सें.मी. च्या ओळींची एकूण लांबी 1,667 मीटर भरते, तर 75 च्या ओळींची 1,333 मीटर. वरंबे ओढणे, खुरपणी, खताचा दुसरा हप्ता आणि मातीची भर घालणे, ही सगळी कामे त्या लांबीवर मोजली जातात, आणि मजुरी महाग व मजूर दुर्मिळ असलेल्या गावात पाचवा हिस्सा लांबी वाचणे ही लहान बाब नव्हे. शिवाय 2018 पासून भारतात आलेल्या अमेरिकन लष्करी अळीसाठी झाडाचा पोंगा (शेंड्यातली गुंडाळलेली कोवळी पाने) वरून पाहत फिरावे लागते. रुंद ओळीत हे काम भर पावसातही होते, अरुंद ओळीत माणूस दोन फेऱ्यांनंतर टाळाटाळ करू लागतो. जमीन उताराची असेल तर ओळी उताराला आडव्याच घ्याव्यात.

वायंगणी हंगामात चित्र पालटते. नोव्हेंबरनंतर आभाळ स्वच्छ असते, पाने कोरडी राहतात, नत्र वाहून जात नाही आणि पाणी आपल्या हाती असते. तिळारीच्या किंवा साळावलीच्या कालव्याचे पाणी मिळणाऱ्या शेतात 60 बाय 20 ची दाटी पीक सहसा पेलते. मात्र झाडे वाढवली आणि खत तेवढेच ठेवले, तर दाटीचा उपयोग होत नाही. संकरित मक्याला हेक्टरी 120 ते 150 किलो नत्र लागते आणि ते दोन-तीन हप्त्यांत विभागून द्यावे लागते. ठिबक घालणाऱ्यासाठी जोडओळ हा आणखी चांगला पर्याय आहे. दोन ओळी 45 सें.मी. वर घेऊन पुढच्या जोडीपर्यंत 75 सें.मी. मोकळे सोडले, तर झाडांची संख्या 60 बाय 20 इतकीच राहते, पण दोन ओळींना एकच नळी पुरत असल्याने हजार मीटरांत 1,667 ऐवजी सुमारे 833 मीटर नळी लागते. मधल्या रुंद पट्ट्यात अळसांद्याची (चवळीची) एक ओळही निघू शकते.

पीक कशासाठी घ्यायचे, यावर अंतर हंगामाइतकेच अवलंबून असते. कोरड्या दाण्यासाठी लहान तुकड्यावर मका घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. बाहेरून येणारा दाणा मोठ्या शेतांतला असतो आणि आपली मजुरी त्या दरात बसत नाही. गोव्यात खरी मागणी कोवळ्या कणसाला, विशेषतः मधुमक्याला (स्वीटकॉर्नला) आहे. जूनच्या आरंभी पेरलेला मधुमका वाणानुसार पंचाहत्तर ते पंच्याऐंशी दिवसांत, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस काढणीला येतो, आणि चवथीच्या आसपासच्या बाजाराला तो नेमका लाभतो. येथे कणीस टोकापर्यंत भरलेले हवे, म्हणून पावसाळ्यात 75 बाय 20 च्या पुढे दाटी करू नये, आणि जमीन हलकी असल्यास 75 बाय 25 वर यावे.

मधुमक्याच्या बियाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. त्याचा दाणा सुरकुतलेला, हलका आणि पिष्टाने कमी असतो, त्यामुळे उगवण कमजोर होते. अंतर कागदावर कितीही अचूक असले, तरी उगवणीत खंड पडला की ते शेतात उरत नाही. म्हणून गाठी मारलेली दोरी ताणून प्रत्येक जागी तीन-चार सें.मी. खोल दोन बिया टोकाव्यात आणि रोपे दहा-बारा दिवसांची झाली की जोमदार एक ठेवून दुसरे मातीलगत कापावे. उपटल्यास शेजारच्याची मुळे दुखावतात. नांगे (बी न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरायचे असतील तर पहिल्या आठवड्यातच भरावेत, कारण उशिरा उगवलेले झाड मोठ्या शेजाऱ्यांच्या सावलीत दबते, स्वतः कणीस धरत नाही आणि पाणी-खत मात्र घेत राहते. असे मागे राहिलेले झाड तणापेक्षा वेगळे नसते.

लहान तुकड्यावर आणखी एक अडचण येते. मक्याचे परागकण वाऱ्यावर जातात, पण त्यांतले बहुतेक काही मीटरांतच खाली पडतात. बांधाच्या कडेने एकच लांब ओळ लावली, तर कणसे अर्धवट भरतात, आणि दोष बियाण्याला दिला जातो. तीच झाडे निदान चार ओळींच्या चौकोनी ताटव्यात लावावीत. शेजारी साधा मका असेल, तर पेरणीत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे, नाहीतर परपरागामुळे मधुमक्याचे दाणे पिठूळ होतात. (सत्तरी आणि सांगेतल्या रानाकडेच्या शेतांत रानडुकरे येतात, तेथे कुंपणाचा खर्च आधी धरावा, अंतराचा विचार नंतर करावा.)

बेबीकॉर्नचे गणित वेगळे आहे. स्त्रीकेसर दिसल्यापासून एक-दोन दिवसांत, दाणा भरण्याआधीच कणीस तोडले जात असल्याने दाटीमुळे दाणे न भरण्याची भीती तेथे उरत नाही, आणि 11,111 झाडे चालतात. पण 45 बाय 20 ऐवजी 60 बाय 15 घेतले तरी संख्या तीच राहते आणि रोज तोडणीसाठी ओळीत शिरणाऱ्याला पाय ठेवायला जागा मिळते. चाऱ्यासाठी आफ्रिकन टॉलसारखा वाण 30 सें.मी. च्या ओळींत हजार मीटरांना पाच ते साडेसात किलो बी टाकून दाट पेरावा. तेथे बारीक खोड हा दोष नसून गुण आहे, कारण गुरे ते पूर्ण खातात.

दोन अंतरांमध्ये मन अडकलेच, तर एकाच तुकड्यात चार ओळी 20 सें.मी. वर आणि चार 25 वर लावाव्यात, त्यांना खत-पाणी सारखे द्यावे आणि कडेच्या ओळी सोडून मधल्या ओळींतल्या दहा-दहा मीटरांतली कणसे वेगळी तोडावीत. दहा मीटरांत 20 वर पन्नास आणि 25 वर चाळीस झाडे असायला हवीत. ती आधी मोजावीत, मग विकण्याजोगी कणसे वेगळी काढून त्यांची संख्या आणि वजन दोन्ही लिहून ठेवावे.