मुंबईत इन्व्हेस्टमेंट बँकिंग: सीए करून की आयआयएममधून?

इन्व्हेस्टमेंट बँकिंग म्हणजे कंपन्यांना भांडवल उभारायला आणि कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत मदत करणं. तिथे पोचायचे हे दोन मार्ग, पण खर्चात दोन्हींची तुलनाच होत नाही. अहमदाबाद, बंगळुरू किंवा कोलकात्याच्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या वर जाते. सीएला त्याचा लहानसा अंश लागतो, शिवाय आर्टिकलशिपमध्ये, म्हणजे सीए फर्ममधल्या सक्तीच्या प्रशिक्षणात, थोडा स्टायपेंडही मिळतो.

सीएचं खरं बळ ताळेबंद वाचण्यात. पण प्रत्येक पेपरला ४० आणि पेपरांच्या प्रत्येक ग्रुपला एकूण ५० टक्के लागतात, त्यामुळे एक ग्रुप अडकला की महिने जातात. त्याहून मोठी चूक आर्टिकलशिपमध्ये होते. नव्या योजनेतली दोन वर्षं फक्त व्हाउचर तपासण्यात आणि जीएसटी रिटर्न भरण्यात गेली, तर मुलाखतीत सांगायला एकही डील (कंपनीच्या खरेदी-विक्रीचा किंवा भांडवल उभारणीचा व्यवहार) नसते. ड्यू डिलिजन्स (व्यवहाराआधी कंपनीची कसून तपासणी) किंवा व्हॅल्युएशनचं (कंपनीची किंमत ठरवण्याचं) काम असलेली फर्म शोधा, भले ती घरापासून लांब असो.

आयआयएममध्ये घाई वेगळी. जूनमध्ये प्रवेश आणि दिवाळीच्या आसपास समर प्लेसमेंट (उन्हाळी इंटर्नशिपसाठीची निवड), म्हणजे फायनान्स नीट शिकण्याआधीच मुलाखत! दहावी-बारावीचे गुणही शॉर्टलिस्टमध्ये पाहिले जातात, आणि ते आता बदलता येत नाहीत. म्हणून कॅटचा (आयआयएमच्या प्रवेश परीक्षेचा) निकाल लागल्यापासून जूनपर्यंत एक्सेलमध्ये तीन स्टेटमेंटचं (नफा-तोटा, ताळेबंद आणि रोख प्रवाह जोडणारं) मॉडेल आणि डीसीएफ (भविष्यातल्या रोख प्रवाहावरून आजची किंमत काढणं) स्वतः बांधून बघा. समर इंटर्नशिपमधून कायमच्या नोकरीची ऑफर मिळू शकते. ती हुकली तर अंतिम प्लेसमेंटला या क्षेत्रातल्या जागा फारच थोड्या उरतात.

शाळेपासून गुण उत्तम असतील आणि कर्ज झेपत असेल तर आयआयएम. नाहीतर सीए, पण फर्म पारखून.