मॉसवर पीएच.डी. करायची तर सूक्ष्मदर्शक की डीएनए?

एम.एस्सी. बॉटनी झालं, विषय मॉस, म्हणजे ओल्या भिंतींवर-खोडांवर मखमलीसारख्या वाढणाऱ्या इवल्या वनस्पती, ठरला आणि राहायचंही बेळगाव-खानापूरकडेच, असं असेल तर प्रश्न एकच उरतो. जुन्या पद्धतीनं, सूक्ष्मदर्शकाखाली रचना बघून वर्गीकरण करायचं, की डीएनएवरून वंशवृक्ष मांडायचा? माझा कल आधीच सांगतो: पहिली दोन वर्षं सूक्ष्मदर्शकाला द्या.

जांभ्याच्या गडग्यावर पावसाळ्यात हिरवी मखमल चढते. आपण तिला सरसकट शेवाळ म्हणतो, पण त्यात बरंचसं मॉस असतं आणि बऱ्याचदा हायोफिला नावाचं मॉस सापडतं. उन्हाळ्यात त्याची पानं आत वळलेली, काळपट दिसतात. पाण्याचा एक थेंब टाकून भिंगातून बघा, डोळ्यांदेखत पानं उलगडतात. गोळा करायला कागदाची पुडी पुरते. दाबायला नको, औषध लावायला नको. कैक वर्षांनी भिजवलं तरी पेशी तपासता येतात. खानापुरात घरी बसून होण्यासारखं हे काम आहे.

मेहनत मात्र भरपूर. इवल्याशा पानाचा ब्लेडनं पातळ आडवा छेद घ्यायचा, तर हात बसायलाच एक पावसाळा जातो. १८०१ साली हेडविग या वनस्पतिशास्त्रज्ञाचा मॉसवरचा ग्रंथ आला. मॉसच्या वैज्ञानिक नावांची सुरुवात तिथूनच धरतात. बीजाणूंच्या बोंडाच्या तोंडाशी असलेल्या दातांना त्यानं महत्त्व दिलं आणि पुढच्या वर्गीकरणानंही त्या दातांवरच भिस्त ठेवली.

नेमकी इथंच उष्ण प्रदेशात अडचण होते. झाडाच्या सालीवर वाढणाऱ्या कितीतरी मॉसचे दात वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे आखूड झालेत. दिसायला सख्खी भावंडं, नातं मात्र लांबचं. माडाच्या खोडावर येणारं ऑक्टोब्लेफॅरम हे मॉस घ्या. आठ दात, म्हणून हे नाव. पांढुरक्या जाड पानांमुळे ते ल्यूकोब्रियम या तशाच पांढुरक्या मॉसच्या कुळात बसवलं होतं. ते तिथलं नव्हे, ही शंका आधी सूक्ष्मदर्शकावर बसणाऱ्यांनाच आली. डीएनएनं ती पक्की केली. पांढरं पान दोन वंशांत वेगवेगळं घडलं, हे मला या विषयातलं सर्वांत सुंदर उदाहरण वाटतं.

डीएनएचं काम करायचं तर पीसीआरची (डीएनएच्या हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची) सोय असलेली प्रयोगशाळा, सिक्वेन्सिंगचा, म्हणजे डीएनएतला अक्षरक्रम वाचून घेण्याचा खर्च आणि संगणकावर विश्लेषणाची सवय हवी. मार्गदर्शकाकडे हे सगळं असेल, तर ही वाट जरूर धरा. शिकलेलं कौशल्य दुसऱ्या कुठल्याही सजीवावर चालतं आणि नोकरीलाही उपयोगी पडतं. पण एका झुबक्यात दोन-तीन जाती गुंतलेल्या असतात. त्या वेगळ्या करता येत नसतील, तर सिक्वेन्स कितीही स्वच्छ आला तरी तो कुणाचा, हे सांगता येणार नाही.

परवानगीच्या बाबतीत दोन्हींत फरक नाही. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय चिमूटभरही उचलायचं नाही, आणि अर्ज पावसाच्या बराच आधी करायचा.

सूक्ष्मदर्शकाची वाट धरलीत तरी पहिल्या दिवसापासून प्रत्येक झुबक्यातली एक स्वच्छ फांदी ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलमध्ये वेगळी वाळवा आणि तिच्यावर पुडीचाच क्रमांक घाला. तिसऱ्या वर्षी डीएनएकडे वळावंसं वाटलं, तर कणकुंबीच्या पावसात तीच झाडं पुन्हा शोधत फिरायला नको.