फंकाडेलिकची सुरुवातीची गाणी: माझी आवड आणि एक-दोन तक्रारी

फंकाडेलिक या अमेरिकन बँडचं नाव काढलं की बहुतेकांना तो १९७८ नंतरचा पार्टीवाला फंक आठवतो, म्हणजे ठेक्यावर चालणारं संगीत, नाचायला एकदम भारी. माझंही तसंच होतं, तिथून मागे मागे सरकत १९७० पर्यंत पोचलो आणि पहिल्या रेकॉर्डचं पहिलंच गाणं लावल्यावर वाटलं चुकून दुसराच बँड लागला की काय. ९ मिनिटांचं गाणं. कुणीतरी कानाशी तोंड आणून पुटपुटतंय, गिटार आपल्याच तंद्रीत वाकडीतिकडी चाललीये, ड्रम तळघरातून ऐकू आल्यासारखे आणि कुणालाच कुठे जायची घाई नाही. दोन मिनिटांत बंद केलं. आठवड्याने परत लावलं, आणि मग सुटलंच नाही. नंतरचं सगळं छान आहे, कडक इस्त्रीचं आहे, पण मला हे चुरगळलेलंच जास्त आवडतं.

थोडं मागचं सांगतो कारण त्याशिवाय हा गोंधळ कळत नाही. न्यू जर्सीत प्लेनफील्ड नावाचं गाव, तिथे जॉर्ज क्लिंटन सलूनमध्ये लोकांचे केस करायचा आणि पार्लमेंट्स नावाचा पाच जणांचा गाणारा ग्रुप चालवायचा, एकसारखे सूट, नीट भांग, डू-वॉप म्हणजे गळ्यांनीच साथ धरत गायची ती जुनी गाणी वगैरे. १९६७ ला त्यांचं एक गाणं चाललं, नंतर कंपनीच्या भानगडीत नावच वापरता येईना, मग क्लिंटनने काय केलं तर मागे वाजवणाऱ्या पोरांना पुढे केलं आणि त्यांच्या नावाने डेट्रॉइटच्या वेस्टबाउंड कंपनीशी करार केला, म्हणजे बँड तोच, फक्त पाटी बदलली. फंकाडेलिक हे नाव बेसवाल्या बिली नेल्सनचं. पोरं खरंच पोरं होती हो, गिटारवाला एडी हेझल १९५० चा जन्म, म्हणजे पहिली रेकॉर्ड आली तेव्हा जेमतेम विशीचा. आणि हे सगळं डेट्रॉइटमध्ये, जिथे मोटाउन या रेकॉर्ड कंपनीवाले गाणी घासूनपुसून चकचकीत करून बाहेर पाठवायचे. त्याच शहरातून हे बाहेर आलं याची मला अजून मजा वाटते.

पहिल्या रेकॉर्डवरचं माझं लाडकं म्हणजे 'म्युझिक फॉर माय मदर'. यात गाणं असं नाहीच जवळपास, एक माणूस सांगतोय की मी मिसिसिपीतल्या एका गावातून चाललो होतो, आणि मागे तोच एक ठेका, हार्मोनिका मधेच येऊन जाते, बाकीचे हुंकार भरतायत. शेतातून दमून आलेली माणसं ओट्यावर बसून गुणगुणतील तसं. याच्यात सायकेडेलिक, म्हणजे नशेत भास व्हावेत तसं, काय आहे असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही पण पाच मिनिटांनी डोकं जागेवर नसतं हे खरं. 'आय बेट यू' पण ऐका, हेच गाणं त्याच वर्षी जॅक्सन फाइव्हनेही केलंय, दोन्ही लागोपाठ लावून बघा, एकीकडे शाळेच्या गॅदरिंगची तयारी आणि दुसरीकडे गॅदरिंग संपल्यावर मागच्या मैदानात काय चालतं ते.

दुसरी रेकॉर्ड पण १९७० चीच, 'फ्री युअर माइंड' ने सुरू होणारी. ही रेकॉर्ड एलएसडी (भास घडवणारी नशा) घेऊन एका दमात करायची असं ठरवून केली असं क्लिंटन नंतर सांगत आला, आणि ऐकताना त्यात काही खोटं वाटत नाही. पहिलं गाणं १० मिनिटांचं, आवाज डाव्या कानातून उजव्यात आणि परत डाव्यात असा फिरत राहतो, हेडफोनवर ऐकताना मला गाडी लागते तसं झालं. खरं सांगू का, हे गाणं मी वर्षातून एकदाच ऐकतो. लोक याला डोक्यावर घेतात पण मला यात अर्धा वेळ नुसती कुरकुर ऐकू येते. त्यापेक्षा 'फंकी डॉलर बिल' बघा, गिटार वॉ-वॉ करत खाजवतेय आणि शेवटाकडे बर्नी वॉरेल पियानोवर असा काही सुटतो की मांजर पट्ट्यांवरून पळालं असं वाटावं, फक्त हे मांजर न्यू इंग्लंड कॉन्झर्वेटरी या संगीताच्या कॉलेजात शिकलेलं आहे. बर्नी म्हणजे शास्त्रीय तालमीत मुरलेला माणूस, त्याला काय बिघडवतोय ते नीट माहीत होतं, म्हणूनच ते बिघडत नाही.

आता 'मॅगट ब्रेन', १९७१. कव्हरवर जमिनीतून वर आलेलं किंचाळणाऱ्या बाईचं डोकं, मागच्या बाजूला कवटी. कुणालाही विचारा, त्याच नावाचं पहिलं गाणं ऐक म्हणून सांगतील, १० मिनिटं नुसती हेझलची गिटार. त्याची गोष्ट आता इतकी सांगून झालीये की पाठ झाली असेल, क्लिंटन त्याला म्हणाला की तुझी आई गेल्याचं आत्ताच कळलंय असं समजून वाजव, आणि नंतर मिक्स करताना बाकीचा बँड जवळपास पुसूनच टाकला. गिटार एकटी पडलीये, इको तिच्याच मागे फिरतोय. अंगावर काटा येतो, नाही असं नाही. १९९२ मध्ये हेझल गेला तेव्हा त्याच्या अंत्यविधीला हेच वाजवलं, ते वाचल्यापासून मला हे गाणं मागे लावून दुसरं काम करता येत नाही. पण नवीन माणसाने इथून सुरू करू नये असं माझं ठाम मत आहे. कारण मग त्याला वाटतं की हा गिटारवाल्यांचा बँड आहे आणि पुढची गाणी सोलोची वाट बघत ऐकतो.

इथूनच सुरू करायचं असेल तर दुसरं गाणं लावा, 'कॅन यू गेट टू दॅट'. साडेतीन मिनिटांपेक्षाही छोटं, अकूस्टिक गिटार, बायकांचे आवाज आणि मधेच रे डेव्हिसचा तो विहिरीतून आल्यासारखा खर्ज. प्रेमाचा हिशोब बँकेच्या भाषेत मांडलाय, खात्यात काही टाकलंच नाहीस तर काढणार काय असा सूर, आणि ऐकताना चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं. जुन्या पार्लमेंट्सच्या एका गाण्यावरूनच केलंय हे, म्हणजे सूट गेले तरी गळे तेच. मला विचाराल तर या सगळ्या वर्षांतलं एक नंबर गाणं, हेझलप्रेमींनी शिव्या घाला. आणि हेझलच हवा असेल तर 'सुपर स्टुपिड' आहेच ना, चार मिनिटांत काम तमाम, गातोही तोच, कोकेन समजून हेरॉइन ओढणाऱ्या येड्याची गोष्ट. हेवी मेटलवाल्यांनी हे गाणं आपलं म्हणून मिरवायला हरकत नाही. शेवटचं 'वॉर्स ऑफ आर्मागेडन' मात्र... घड्याळातली कोकिळा, गायी, पादण्याचे आवाज, घोषणा, सगळं आहे त्यात. घरात मोठी माणसं असतील तर जपून.

पुढे लाइनअप फुटायला लागली, दुसरा गिटारवाला टॉल रॉस एलएसडीच्या नादात गेला तो परत आलाच नाही, बिली नेल्सन पैशांवरून बाहेर पडला. १९७२ ची डबल रेकॉर्ड मी दोनदा ऐकली, बेसवाला बूट्सी कॉलिन्स आला एवढं सोडलं तर लक्षात राहावं असं फार थोडं, पसारा जास्त. पण १९७३ चं 'कॉस्मिक स्लॉप' चुकवू नका, गॅरी शायडर गातोय, पाच पोरांना पोसायला शरीर विकणारी आई आणि रात्री तिची प्रार्थना ऐकणारं पोर. विषय असा आणि ठेका असा की पाय हलतात, आणि पाय हलतायत याचीच लाज वाटते. असं दुसरं गाणं मला माहीत नाही. त्याच नावाच्या रेकॉर्डवर व्हिएतनामहून परतणाऱ्या सैनिकांवरचं एक आहे, क्लिंटनचा आवाज टेप हळू केल्यासारखा जड, ते एकट्याने रात्री ऐकू नका. १९७४ ला हेझल परत आला, तेव्हाचं 'रेड हॉट मामा' लावा आणि शेजाऱ्यांची माफी आधीच मागून ठेवा. त्या रेकॉर्डवर हेझलने आपल्या वाट्याचं श्रेय ग्रेस कुक या नावाने दिलंय. ते त्याच्या आईचं नाव. वरची ती गोष्ट आठवली की हे जरा वेगळंच वाटतं.

तक्रार म्हणाल तर रेकॉर्डिंगची. पहिल्या तीन रेकॉर्ड फोनच्या स्पीकरवर ऐकूच नका, सगळा चिखल होतो, बेस गायब आणि राहते ती फक्त फरफर. माझ्याकडे २००५ च्या सीडी आहेत, त्यात आवाज बराच मोकळा झालाय, आणि 'मॅगट ब्रेन' च्या सीडीवर शेवटी त्या गाण्याचं दुसरं मिक्स बोनस म्हणून दिलंय ज्यात पुसलेला बँड परत ऐकू येतो. मी केवढ्या उत्साहाने लावलं ते! ड्रम छान, बेस छान, बर्नी पण आहे मागे, सगळे व्यवस्थित वाजवतायत, आणि तरी तिसऱ्या मिनिटाला मी ते बंद करून परत पहिल्या नंबरवर गेलो, गिटार एकटी सोडली होती तिथे.