पावसाचे नकाशे करण्यासाठी क्यूजीआयएस: नागपुरातून एक अभिप्राय

काटोल आणि नरखेड भागातील संत्रा बागायतदारांच्या एका गटासाठी मी गेले तीन पावसाळे दर आठवड्याला पावसाचा नकाशा तयार करतो आणि त्यासाठी क्यूजीआयएस हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरतो. मोबाईलवरच्या तयार हवामान ॲपमधील नकाशे देखणे असतात. परंतु कोणत्या आकड्याला कोणता रंग द्यायचा आणि कोणता थर (नकाशावर एकावर एक रचलेल्या माहितीपैकी एक) वर ठेवायचा, हे बहुतेक वेळा आपल्या हाती नसते. क्यूजीआयएसमध्ये ते सगळे आपणच ठरवतो, आणि म्हणून नकाशा खरा दिसेल की फसवा, याची जबाबदारीही आपलीच असते.

भारतीय हवामान विभाग पावसाची दैनंदिन आकडेवारी अक्षांश-रेखांशाच्या ०.२५ अंशांच्या चौकोनांत, नेटसीडीएफ या प्रकारच्या फायलींत देतो. वर्षभराची अशी फाईल रास्टर, म्हणजे चौकोनाचौकोनांचे चित्र, म्हणून उघडली की एकेका दिवसाचा एक, असे ३६५ बँड, म्हणजे आकड्यांचे संच, मिळतात. २३ सप्टेंबर २०२३ हा दिवस पाहायचा तर २६६वा बँड निवडावा लागतो. त्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपत असल्यामुळे तो पाऊस त्याच तारखेच्या बँडमध्ये सापडतो.

खरी मेहनत रंगांची आहे. रंगपट्टी निवडली की सॉफ्टवेअर आपणहून त्या बँडमधील किमान आणि कमाल मूल्ये घेऊन तिची टोके ठरवते, त्यामुळे १२ मिलिमीटरच्या रिमझिमीलाही तोच गडद निळा रंग मिळतो, जो दुसऱ्या दिवशी १५० मिलिमीटरच्या मुसळधार पावसाला मिळतो. दोन दिवसांचे नकाशे शेजारी ठेवून पाहणारा शेतकरी यामुळे पूर्ण फसतो. मी प्रत्येक वर्गाला एकच ठरावीक रंग देणारी ‘डिस्क्रीट’ पद्धत निवडून हवामान विभागाच्याच वर्गवारीच्या वरच्या मर्यादा, म्हणजे १५.५, ६४.४, ११५.५ आणि २०४.४, हाताने भरल्या आणि २.५ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस पांढरा ठेवला. या पद्धतीत लिहिलेला आकडा त्या वर्गाची वरची मर्यादा मानला जातो, हे लक्षात न घेतल्यास सगळे रंग एक घर सरकतात. ही शैली क्यूएमएल फाईल म्हणून जतन केली की पुढच्या प्रत्येक थराला क्षणात लावता येते.

थर एकमेकांत मिसळण्याची ‘मल्टिप्लाय’ सोय मोहात पाडणारी आहे. खाली डोंगरउतारांच्या छायेचा थर ठेवला की रामटेक आणि पेंचकडचा भाग सुरेख उठून दिसतो; मात्र छायेमुळे पावसाचे रंग काळवंडतात आणि ते नकाशाच्या रंगसूचीतल्या रंगांशी जुळत नाहीत. मी ती छाया काढून टाकली. रास्टरचे चौकोन गुळगुळीत दाखवणारा पर्यायही मी बंदच ठेवतो. नागपूरजवळ एक चौकोन साधारण २६ ते २८ किलोमीटरचा असतो. धरमपेठ आणि सीताबर्डी यांच्या पावसातला फरक या आकडेवारीत नाहीच, तेव्हा नकाशाने तो असल्याचा भास निर्माण करू नये.

‘मॅप थीम’, म्हणजे कोणते थर कोणत्या शैलीत दिसावेत याची जतन केलेली निवड, ही मला सर्वांत उपयुक्त वाटलेली सोय. आठवड्याचा पाऊस ही एक थीम आणि सरासरीपासूनची तफावत ही दुसरी, असे ठेवून छपाईच्या मांडणीत दोन नकाशे आपापल्या थीमला बांधून टाकता येतात. मग मुख्य खिडकीत कितीही थर उघडझाप केले तरी छापील पान बिघडत नाही. तालुक्यांची नावे मराठीत लिहून त्यांभोवती पांढरी कड देता येते, ती गडद निळ्यावरही वाचता येतात.

नवख्या माणसाला पहिले काही दिवस जड जातील, कारण बरीचशी कामाची बटणे थराच्या गुणधर्मांच्या खिडकीत आत आत दडलेली आहेत. दिवसामागून दिवस पुढे सरकणारा नकाशा ‘टेम्पोरल कंट्रोलर’ने दाखवता येतो; त्यासाठी नेटसीडीएफ फाईल रास्टरऐवजी मेश, म्हणजे जाळीच्या रूपातला, थर म्हणून उघडणे सोयीचे. त्यातून बाहेर पडतात ती सुटी चित्रे. गटाच्या व्हॉट्सॲपवर चलचित्र पाठवायचे असेल, तर ती चित्रे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जोडावी लागतात. शनिवारी संध्याकाळी त्यासाठी वेगळा अर्धा तास काढावा लागतो, आणि मी तो काढतो.